परांचीवरची हजेरी

विद्यापीठात त्याला सगळे ‘पुरावा’ म्हणत. समोर ‘पुरावेसाहेब’, पाठीमागे नुसतं ‘पुरावा’. मुख्य इमारतीचं घड्याळ पहिल्या दिवसापासून दहा मिनिटं मागे आहे असं कुणी म्हणालं, की हा मान वर न करता विचारायचा, “पुरावा?” तळमजल्यावरच्या जुन्या दप्तरांच्या खोलीत त्याची अठ्ठावीस वर्षं गेली होती. लोखंडी मांडण्यांच्या सात रांगा, खिडकीशी टेबल, डिंकाची बाटली, सुईदोऱ्याचा डबा. खोलीत येणारा माणूस आधी शिंकायचा आणि मग काय हवं ते सांगायचा.

या माणसाला आयुष्यात एकाच माणसानं छळलं, आणि तेही काही न करता. तो म्हणजे त्याचा साडू.

बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा त्याच विद्यापीठात, दोन मजले वर, जनसंपर्क विभागात होता. उंच, केस अजून काळे, आणि आवाज असा की चुकीचा नंबर लागलेला माणूसही फोन ठेवत नसे. या नोकरीचा अर्ज त्याला पुराव्यानंच भरून दिला होता, स्वतःच्या सुबक अक्षरात. ते आता दोघांपैकी एकाच्याच लक्षात होतं.

नवे विद्यार्थी आले, पाहुणे आले, की साडू त्यांना मोठ्या दालनात नेऊन गवंड्याची गोष्ट सांगायचा. विद्यापीठाच्या पहिल्या वर्षी या दालनाला छप्पर नव्हतं. एकीकडे भिंत चढत होती, दुसरीकडे खाली वर्ग चालत होता. भिंत बांधणारा एक तरुण गवंडी, हातात थापी धरून, बांबूच्या परांचीवरून सगळं ऐकायचा. एके दिवशी शिक्षकांनी प्रश्न विचारला. वर्गात कुणाला येईना. आणि उत्तर वरून आलं! पुढे तोच गवंडी पहिल्या तुकडीत पहिला आला.

“उत्तर वरून आलं” म्हणताना साडू छताकडे पाहायचा. मग ऐकणारे सगळे छताकडे पाहायचे. पुरावा एकदा खांबाआड उभा राहून ऐकत होता, आणि त्याचीही मान वर गेली. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

गोष्ट वर्षागणिक अंग धरत होती. आधी गवंडी नुसता गवंडी होता. मग अनवाणी झाला. मग त्याच्या पापण्यांवर चुना बसला. तिसऱ्या वर्षी त्याची आई अंथरुणाला खिळली. पुराव्यानं हे सगळं एका वहीत तारीखवार टिपून ठेवलं होतं.

“त्या बाईला कशाला आजारी पाडलंत?” सासूबाईंकडे सगळे जेवायला जमले असताना त्यानं एकदा विचारलंच.

“दादा, आई धडधाकट असली की लोक जांभया देतात,” साडू म्हणाला.

सगळे हसले. सासूबाई तर डोळ्यांना पदर लावेपर्यंत हसल्या. त्यांना महिन्यातून दोनदा दवाखान्यात पुरावा नेत असे, आणि तिथल्या बाकावर शेजारच्या बाईला त्या कौतुकानं सांगत, ते धाकट्या जावयाबद्दल.

“अहो, तुमच्या पोटात दुखतंय,” घरी परतताना बायको म्हणाली.

“काही दुखत नाही.”

“पुरावा?” ती म्हणाली, आणि पुढे चालू लागली.

पुढच्या वर्षी विद्यापीठाला शंभर वर्षं पुरी होणार होती. एक समिती बसली. निवृत्त झालेल्या इतिहासाच्या बाई तिच्या अध्यक्ष होत्या. ठरलं असं, की मोठ्या दालनाच्या दाराशी गवंड्याची गोष्ट कोरलेली दगडी पाटी लावायची आणि समारंभात साडूनं ती सांगायची. पण बाई काटेकोर. त्यांनी दप्तराच्या खोलीत चिठ्ठी पाठवली: या गोष्टीत खरं किती आणि दंतकथा किती, ते लेखी कळवावे.

पुराव्यानं चिठ्ठी दोनदा वाचली. या चिठ्ठीची आपण किती वर्षं वाट पाहत होतो, हे त्याला ती हातात आल्यावर समजलं. त्यानं पहिल्या वर्षाची नोंदवही काढली. चौदा विद्यार्थी. प्रत्येकाच्या नावापुढे वडिलांचा व्यवसाय: वकील, शिक्षक, व्यापारी, डॉक्टर. गवंडी कुठेच नाही. तुकडीत पहिला आलेला मुलगा एका न्यायाधीशांचा. त्यानं एका दमात लिहिलं, “सदर कथेला दप्तरात कोणताही आधार नाही. ती दंतकथा समजावी.” खाली सही केली. इतकी ठसठशीत सही त्यानं लग्नाच्या नोंदणीतही केली नव्हती.

पाटी रद्द झाली. साडूचं भाषणही रद्द झालं.

त्या दिवशी पुरावा काही काम नसताना दोन जिने चढून वर गेला. साडू टेबलावर हात ठेवून नुसता बसला होता.

“दादा, नीट पाहिलंत ना?”

“मी नेहमीच नीट पाहतो.”

“मला ती गोष्ट इथल्या म्हाताऱ्या शिपायानं सांगितली होती. त्याला त्याच्या बापानं. तो बाप इथे माळी होता.” साडू जरासा हसला. “आजारी आई तेवढी माझी. बरं. तुम्ही म्हणता म्हणजे खोटंच असणार.”

पुराव्याची अपेक्षा होती की तो चिडेल, आरडाओरडा करेल, तुम्ही जळता माझ्यावर असं तोंडावर म्हणेल. त्याची उत्तरं तयार होती. ‘बरं’ त्यानं हिशेबात धरलं नव्हतं. जिना उतरताना त्याला वाटलं, जिंकल्यावरही हाच माणूस आपल्यापेक्षा बरा दिसतो.

आठ दिवसांनी समितीला स्मरणिकेत छापायला एखादा जुना बांधकामाचा नकाशा हवा होता. पुराव्यानं चौथ्या वर्षाचा खंड काढला. हा खंड त्याच्याच हातचा. एकोणीस वर्षांपूर्वी खोलीतला पाण्याचा पाईप फुटला तेव्हा भिजलेले कागद त्यानं एकट्यानं दोरीवर वाळवले होते. सुटे झालेले कागद आकारावरून लावले, लहान लहानांत, मोठे मोठ्यांत, आणि शिवून टाकले. त्या कामाबद्दल कुणी शाबासकी दिली नव्हती, हेही त्याच्या लक्षात होतं.

शेवटचा नकाशा घडी घातलेला होता. त्यानं घडी उलगडली. एका बाजूला भिंतीचं रेखाटन. छायाचित्रासाठी कागद सपाट करताना तो उलटला गेला, आणि मागच्या बाजूला नावं दिसली.

चौदा नावं. तीच, त्याच क्रमानं. पहिल्या वर्षाची हजेरी. तेव्हा कागदाची टंचाई असावी. नकाशाच्या पाठीवर रेघा मारून हजेरीपत्रक केलं होतं. चौदाव्या नावाखाली, वेगळ्या शाईत, पंधरावं नाव. आडनाव नाही. पुढे व्यवसाय: गवंडी. शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात, “परांचीवरून ऐकतो. हजेरी धरावी.” खाली कुलगुरूंची सही.

सलग चार महिने हजर. मग एका सोमवारपासून रकाने कोरे, आणि शेवटी दोन शब्द: “काम संपले.”

पुरावा खुर्चीत बसला. उठला. पुन्हा बसला.

कुणाला कळणार नव्हतं. खोटं बोलायचीही गरज नव्हती. घडी घालून खंड जागेवर ठेवला की झालं. त्यानं तेच केलं. दुसऱ्या दिवशीही तेच केलं, कारण मधे एकदा काढून पाहिला होता. साडू बरोबर ठरेल याचं दुःख होतंच, पण तो बरोबर ठरणार होता याच खोलीत, जिथे आजवर फक्त आपण बरोबर असायचो.

“काय झालंय?” बायकोनं विचारलं. “भाजीत मीठ नाही आणि तुम्ही दुसऱ्यांदा वाढून घेताय.”

“माझ्या हातून एक माणूस हरवला,” तो म्हणाला.

बोलून गेल्यावर त्याला ते नीट दिसलं. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी त्या पोराची हजेरी धरली होती. सही करून धरली होती. ती पुरती पुसणारे आपणच. आधी सुईदोऱ्यानं, मग त्या ठसठशीत सहीनं.

तिसऱ्या दिवशी तो खंड उराशी धरून जिने चढला आणि साडूच्या टेबलावर उघडून ठेवला.

“वाचा. चूक माझी आहे. मी नकाशा समजून शिवला.”

साडूनं वाचलं. बराच वेळ वाचत होता.

“म्हणजे पहिला आला नाही?”

“परीक्षेलाच बसला नाही. भिंत झाली, गेला.”

“कुठे?”

“नोंद नाही.”

साडूनं कोऱ्या रकान्यांवरून बोट फिरवलं. “भिंत पुरी झाली आणि हा बाहेर राहिला,” तो हळूच म्हणाला.

 तीन दिवस पुरावा हा कागद पाहत होता, पाठ झाला होता, आणि हे एक वाक्य त्याला सुचलं नव्हतं. याला चहा निवायच्या आत सुचलं.

“आई नको,” तो तुटकपणे म्हणाला.

“नाही, दादा.”

“अनवाणीही नको.”

“चुना?”

पुरावा घुटमळला. “गवंडी होता. चुना असू शकतो. पापण्यांवर नको.”

दोघं खंड घेऊन बाईंकडे गेले. पुराव्यानं आपली आधीची टीप मागे घेतली आणि नवी पुढे ठेवली: गवंडी होता; ऐकत होता; त्याची हजेरी होती; पहिला आल्याचा भाग तेवढा दंतकथा; कागद चुकीच्या खंडात बांधला गेला, तो निम्नस्वाक्षरीकाराच्या हातून. बाईंनी चष्मा पुसून हजेरी पाहिली.

“पाटी होईल,” त्या म्हणाल्या. “पण आता यावर बोलायचं तुम्ही. शोध तुमचा आहे.”

साडू लगेच म्हणाला, “अर्थात. दादांनीच बोलायला हवं.” मनापासून म्हणाला. तेच तर असह्य होतं.

पुराव्यानं डोळ्यांपुढे दालन आणलं, भरलेलं. आपण कागद वाचतोय. एकही मान वर जात नाही.

“यांना सांगू द्या,” तो म्हणाला. “मला येत नाही.”

हे बोलून टाकल्यावर मोकळं वाटेल अशी त्याची समजूत होती. तसं काही वाटलं नाही. साडू केव्हाच बाईंकडे वळून बोलायला लागला होता, आणि बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं होतं.