काळी तीनचा सूर

आधीच सांगते, मी जळगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. अंगात येणं, बाधा, नजर – असलं कुणी बोललं की माझं डोकंच फिरतं. हे वाचून हसणार असाल तर खुशाल हसा, मीही हसले असते...

आमच्या हौशी ग्रुपनं खानदेशातल्या एका दिवंगत, नामवंत गायिकेवर संगीत नाटक बसवलं होतं. त्यांचं नाव लिहीत नाही, नातेवाईक धुळ्यात आहेत. नाटकात आम्ही 'अक्का' म्हणायचो. अक्कांच्या आयुष्यात बाहेर टाळ्या आणि आत भीती – आवाज गेला तर आपलं कोण? ती भूमिका माझी. वय एक्कावन्न. आई गेल्यापासून घरी मी आणि टीव्ही. तालमीला जाते तेवढंच काय ते माणसांशी बोलणं.

शेवटचं गाणं काळी पाचच्या उंच पट्टीत. अक्कांच्या सगळ्या कॅसेटी त्याच पट्टीतल्या, म्हणून आमचे दिग्दर्शक दिलीपभाऊंनी तीच धरली. माझा आवाज खाली उतरलाय हे मी कुणाला कळूच दिलं नव्हतं. सर्दी, धूळ, घसा... काय काय थापा मारल्या! पट्टी खाली घ्या म्हणायची लाज वाटत होती.

धुळ्याला दुपारचा प्रयोग होता. पहिली घंटा झाल्यावर भाऊ म्हणाले, "ताई, रिस्क नको. शेवटचं गाणं ट्रॅकवर लावू, तुम्ही नुसते ओठ हलवा. पुढच्या प्रयोगाला दुसरी कुणी बघतो." मेकअप बिघडेल म्हणून रडलेसुद्धा नाही.

शेवटचा प्रवेश. स्टेजवर मी एकटीच. साउंडवाल्यानं ट्रॅक सुरू केला... आवाजच नाही! आणि डाव्या विंगेतून कुणीतरी 'आ'कार लावला. म्हातारा, जरासा चिरकलेला बाईचा आवाज. काळी तीन, म्हणजे बरीच खालची पट्टी. विंग रिकामी होती, मला समोरच दिसत होती. घाबरायला हवं होतं. पण खरं सांगू? कुणीतरी आहे, याचंच इतकं बरं वाटलं... पेटीवर सुरेशआबांनी तो सूर धरला आणि मी गायले. अख्खं गाणं.

पडदा पडल्यावर मी विचारलं, "आबा, सूर कुणी दिला?"

"कुणी म्हणजे? तुम्हीच की!"

अहो, मी तोंडच उघडलं नव्हतं!

मेकअप रूममध्ये अक्कांच्या भाचेसूनबाई भेटायला आल्या. माझा हात सोडेनात. "ह्या पट्टीमा त्या फक्त घरमा गायेत, दार लाईसन. त्यासले वाटे, लोके हासतीन. तुमले कोनी सांगं?"

मी म्हटलं, "मग दार लावून गायल्यावर ऐकायचं कोण?"

"कोनीच नही. मीबी दारना बाहेरच उभी राहू."

ट्रॅक नंतर तपासला, व्यवस्थित वाजला. भूमिका अजून माझ्याकडेच आहे, गाणं आता काळी तीनमध्ये म्हणते. झालं ते काय, मला आजही सांगता येत नाही. कुणाकडे स्पष्टीकरण असेल तर जरूर लिहा... फक्त तो भास होता, एवढं मात्र म्हणू नका. त्या स्टेजवर मी एकटी नव्हते.