पाण्यात सुकलेलं भात

थाळी खोताने लाथेने उडवली. मातीची होती. भिंतीवर आपटून फुटली. पाणी माझ्या धोतरावर, बटाट्याच्या फोडी पोरांच्या पाट्यांवर.

"मडक्याला शिवलास?"

त्याने कोपऱ्यातल्या पिण्याच्या मडक्याकडे बोट केलं.

"शेण आण. सगळं सारवून काढ. ह्यांच्यासमोर."

ह्यांच्यासमोर म्हणजे माझ्या वर्गासमोर. मी त्या शाळेचा मास्तर होतो. परीक्षा पास होऊन, रीतसर नेमणूक होऊन थळच्या अलीकडच्या त्या गावात आलेला. महार, म्हणून गावात खोली मिळाली नाही. खाडीच्या बांधाला लागून झोपडी. बोलायला माणूस नाही. संध्याकाळी धडा मोठ्याने वाचायचो. कुणाचा तरी आवाज कानावर पडावा म्हणून.

शाळेत तहान लागली की एखादं पोरगं वरून पाणी ओतायचं. मी खाली ओंजळ धरायचो. मास्तराने पोरापुढे. त्याची सवय झाली होती. सवय झाली होती, हेच वाईट.

त्या साली उधाणाने बांध फुटला. खाडीचं पाणी शेतात शिरलं. हिरवंगार भात पाण्यात उभ्याउभ्या वाळलं. यमी म्हणून एक आगऱ्याची पोर होती. त्यात तिच्या बापाचंही शेत गेलं. तिने विचारलं, "गुर्जी, पान्यात उबं ऱ्हाऊन भात सुकलं कसं?"

सृष्टिज्ञानाचा तास होता. मी बटाट्याच्या फोडी केल्या. एका थाळीत गोडं पाणी, दुसरीत मीठ कालवलेलं. शिकवायच्या भरात मडक्यातलं पाणी मीच ओतून घेतलं. माझ्या ध्यानातही आलं नाही. खोताच्या नातवाच्या आलं. मधल्या सुट्टीत तो घरी पळाला.

सुट्टीनंतर यमीने फोडी दाबून पाहिल्या. गोड्या पाण्यातली ताठ. मिठातली लुळी. "असं का?" ती म्हणाली. मी तोंड उघडलं, तेवढ्यात खोत दारात.

मी सारवलं. गुडघ्यावर बसून, मान खाली घालून. पोरं हसली नाहीत. हसली असती तर बरं झालं असतं. यमीने तोंड भिंतीकडे फिरवलं.

झोपडीत आलो. चूल पेटवली नाही. शेणाचं काही वाटत नव्हतं, शेण आयुष्यभर उचललेलं. पण पोरीचा प्रश्न तसाच राहिला होता. आणि त्या दिवशी वर्ग एकच गोष्ट शिकला होता. माणूस वाकतो कसा. ती मी शिकवली होती.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या देखत मडक्यापाशी गेलो. दोन्ही हातांनी उचललं. पाणी ओतलं. सांगितलं, "प्रत्येक जिवात बारीक बारीक खोल्या असतात. त्यांना पेशी म्हणतात. पेशीला पातळ पापुद्रा असतो. पाणी त्यातून आरपार जातं. जिकडे मीठ जास्त, तिकडे ओढलं जातं. शेतात खारं पाणी आलं आणि मुळांतलंच पाणी बाहेर ओढलं गेलं. भात तहानेनं मेलं."

"पान्यात?" यमी म्हणाली.

"पाण्यात."

खोत आला. या वेळी पायरीवरूनच बोलला. "बदली मागून घे. तुमच्या लोकांच्या शाळेत जा."

"मागणार नाही."

"मग भिंतींना शिकव."

दुसऱ्या दिवशी शाळा रिकामी. यमीसुद्धा नाही. बांधावर दिसली, डोक्यावर चिखलाने भरलेली पाटी. माझ्याकडे न बघता गेली. तिचं शिक्षण तिथे संपलं. ते माझ्या छातीत अजून आहे.

तरी मी वेळेवर दार उघडलं. घंटा दिली. रिकाम्या वर्गापुढे उभा राहिलो आणि ठरवलं. बदली मागायची नाही. माफी मागायची नाही. मला हलवायचं असेल तर सरकारने हुकूम काढावा, आणि हुकमात कारण लिहावं. मास्तर पाण्याला शिवला, असं शाईने लिहावं, खाली सही करावी.

तोवर मी इथून हलत नाही.