सफरचंदाला आंबिया बहार

जानेवारीतल्या त्या सकाळी आयर्लंडमधलं आमचं सगळं ॲडम्सटाउन गोठलेल्या दवाने पांढरंफटक पडलं होतं. मी चहाचं आधण ठेवत होतो, तेवढ्यात दार वाजलं. शेजारचा अमोल दारात उभा, पायात नुसत्या सपाता. "काका, बाबा गेले... झोपेतच." मी गॅस बंद केला, पुन्हा चालू केला, पुन्हा बंद केला. आदल्या दुपारीच तर कुंपणापलीकडून मधुकरराव वानखडे मला ओरडून सांगत होते, "साहेब, टोपी घाला जी, पुण्याचं डोकं हाये, गोठून जाईन!" यावर एक झकास उत्तर मला रात्री अंथरुणावर सुचलं होतं. म्हटलं, उद्या ऐकवू.

मी पुण्याचा, निवृत्त ग्रंथपाल. लेकीकडे आलो तो 'थोडे दिवस' म्हणून. बायको नातवंडात रमली आणि मी अडकलो. मधुकरराव विदर्भातल्या वरुडकडचे, जन्म संत्र्यांच्या बागेत गेलेला. बायको वारल्यावर अमोल त्यांना इथे घेऊन आला. दोघांची घरं भिंतीला भिंत लावून, मागे रुमालाएवढं अंगण आणि मध्ये लाकडी कुंपण. सकाळी मुलं गाड्या काढून कामाला जाणार, नातवंडं शाळेत. आम्हाला गाडी येत नाही, बाहेर वारा उभं राहू देत नाही आणि हिवाळ्यात दुपारचा चहा होतो न होतो तोच अंधार. बरं, तक्रार करायची कुणाकडे? घर उबदार, सून-जावई गोड, फ्रीज भरलेला! तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मधुकरराव म्हणायचे, "जेल नाई म्हणता येत साहेब, जेलात जेवाले इतकं चांगलं कुठी देते?"

त्यांच्या अंगणात बिल्डरने लावलेलं एक कोवळं सफरचंदाचं झाड होतं. पहिल्या हिवाळ्यात त्याची पानं गळायला लागली आणि या माणसाच्या हातांना खाज सुटली. संत्र्याला आंबिया बहार, म्हणजे आंब्याच्या मोहोराबरोबर येणारा फुलोरा, धरायचा तर थंडीत पाणी तोडतात, बुडाशी माती उकरून मुळ्या उघड्या करतात. त्याला म्हणायचं ताण देणं. झाड उपाशी राहिलं, की नंतर पाणी मिळताच फुलांनी लगडतं. तर मधुकररावांनी इथेही आळं उकरलं. आता या देशात पाणी तोडायचं कसं? वरून नळ चालूच! म्हणून त्यांनी झाडाभोवती निळं प्लास्टिक अंथरलं, त्यावर विटा ठेवल्या आणि दर पावसानंतर ताटलीने पाणी उपसत बसले. मी कुंपणावरून यथेच्छ चेष्टा केली. नात अन्वी, म्हणजे अमोलची मुलगी, मराठी सगळं समजते पण बोलते इथल्या इंग्रजीत, तिनेसुद्धा "आजोबा, व्हॉट आर यू अ‍ॅट?" म्हणजे हे काय चाललंय, असं विचारून घेतलं. मग कडाक्याच्या थंडीत दव गोठलं. उघड्या मुळ्या काळ्या पडल्या आणि वसंतात सगळीकडे फुलोरा असताना आमच्या झाडाला एका बाजूने चार पानं आली. हात दाखवून अवलक्षण! मधुकरराव दोन दिवस अंगणात फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "चुकलो जी. इथं थंडीच झाडाले ताण देते. माणसानं पुन्हा वरून कायले द्यावा?"

त्यानंतर मात्र त्यांचं मन झाडावरून उडालं आणि गावावर बसलं. बागेकडे कोण बघतंय, घर कुणी उघडतंय का... रोज तेच. जायचं होतं, बस! पण उन्हाळ्यात छातीत दुखलं, हॉस्पिटलात राहावं लागलं, आणि विमानप्रवास बंद झाला. डॉक्टर 'हो' म्हणेपर्यंत नाही. मग हा माणूस कुंपणाच्या कडेकडेने येरझाऱ्या घालायला लागला. साखर सोडली, मीठ सोडलं, माझ्या बायकोच्या हातच्या चकल्यांना नाही म्हणाला. सगळं कशासाठी, तर शरद ऋतूतल्या तपासणीत डॉक्टरने 'जा' म्हणावं.

तपासणीहून आल्यावर अमोलने कुंपणापाशी येऊन मला सांगितलं, "अजून नको म्हणाले डॉक्टर. हिवाळ्यानंतर बघू." मधुकरराव त्याच्या मागे उभे होते. मला फार वाईट वाटलं. संतापही आला, डॉक्टरचा.

पुढे एकदा दुपारी ते झाडाच्या बुडाशी माती ओढत होते. भुसभुशीत माती, तिच्यावर वाळक्या पानांचं जाड पांघरूण, खोडाला लागू नये म्हणून भोवती वीतभर जागा सोडलेली. इथे हिवाळ्यात असंच करतात, हे ते अन्वीच्या मोबाइलवर बघून शिकले होते. मी त्यांच्या समाधानासाठी म्हटलं, "मार्चमध्ये डॉक्टर नक्की हो म्हणतील." ते मान वर न करता म्हणाले, "त्यानं तं तवाच हो म्हटलं साहेब. 'यू आर ग्रँड टू फ्लाय.' अन् वरून मले हातानं इमान उडवून दाखोलं. एवढं तं मले समजते जी!"

मी उडालोच. म्हटलं, आत्ताच्या आत्ता अमोलला जाब विचारतो, काय खेळ लावलाय! त्यांनी मातीच्या हाताने माझी बाही धरली. "राहू द्या. त्याची माय गेली तवा पोट्टा टायमावर पोचला नाई. तिकडं मी एकटा असलो तं त्याले झोप नाई येनार. त्याले भेव वाटते जी. लबाडी नाई ते." मी म्हटलं, "आणि तुमचं काय?" यावर ते हसले आणि पानांची टोपली उचलून आत गेले. मला त्या माणसाचा राग आला. अजूनही येतो. असं चांगलं वागून शेजाऱ्याला कशाला कोंडून ठेवायचं?

मागच्या आठवड्यात अमोल अस्थी घेऊन वरुडला निघाला. निघण्याआधी आमच्याकडे आला, स्वयंपाकघरात बसला आणि स्वतःहूनच सगळं सांगून मोकळा झाला. डॉक्टर काय म्हणाले होते, त्याने घरी काय सांगितलं. म्हणाला, "एकच बरं झालं काका, बाबांना कळलं नाही." बायकोने मला डोळ्यांनी खुणावलं, गप्प बसा. पण माझ्याच्याने राहवेना. त्या पोराने जन्मभर स्वतःला चोर समजायचं आणि बापाने त्याला केव्हाच माफ केलंय हे मी एकट्याने पोटात ठेवायचं, हा कुठला न्याय? मी सांगून टाकलं, त्यांच्याच शब्दांत. (हे लिहायलाही अमोलने हो म्हटलंय.)

त्याने कप पुढे ओढला आणि तसाच ठेवला. कपातला चहा निवला, साय धरली. मग म्हणाला, "त्या दिवशी तपासणीहून घरी आलो ना काका, तर अंगातला कोटही न काढता बाबा वर गेले आणि पासपोर्ट घेऊन आले. माझ्या हातात दिला. म्हणाले, 'तुह्याजवळच ठेव बापू, माह्याकडून हरवते.' मी मनात म्हटलं, बरं झालं, सुटलो..."

मधुकररावांच्या हातून कधी साधी छत्री हरवली नव्हती.