पेनाची शाई

सौदीतल्या हफ्र अल बातिनच्या लायसन्स ऑफिसात तो रांगेत माझ्यापुढे होता. चिपळूणकडचा ट्रेलर ड्रायव्हर. भिंतीवर इथल्या नगरपालिकेच्या मतदार नोंदणीचा फलक होता; आम्हा परक्यांना त्याचा उपयोग नव्हता. काउंटरवर इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, मागितला, तर घाईत त्यानं गावाकडचं मतदार कार्ड पुढे केलं आणि ओशाळून परत घेतलं.

“यादीवाले घरी आलेले,” बाहेर आल्यावर तो मला म्हणाला. “आयेनं कौतुकानं सांगितलं, मुलगा सौदीला असतो. त्यांनी नाव कापलं.”

“मग कार्ड कशाला बाळगता?”

“नाव कापल्याचं तिला सांगितलंच नाय. जिवाला लावून घेईल. सुट्टीत मतदान आलं, तर सकाळीच जाऊन आलो म्हणतो.”

“आणि बोटावरची शाई?”

“पेनानं लावतो.”

बोगस मतदान म्हटलं की माझं डोकं फिरतं. त्या बोगस शाईवर मात्र मला रागावता आलं नाही.