आहेनामामा आणि पोपटी साडी

मुरुडच्या बाजारपेठेतल्या आमच्या कापडदुकानात मामांनी बावीस वर्षं साड्या दाखवल्या, पण एकाही गिऱ्हाइकाला कधी ‘नाही’ म्हटलं नाही. भर मे महिन्यात कुणी लोकरीची शाल मागितली तरी मामा म्हणायचे, “आहे ना.” गिऱ्हाइकासमोर पाण्याचा पेला ठेवायचे, मागच्या दाराने अनवाणीच पळायचे आणि तिसऱ्याच दुकानातून शाल आणून अशा थाटात उलगडायचे, की जणू ती सकाळपासून याच बाईंची वाट बघत कपाटात बसली होती. म्हणून आम्ही त्यांना आहेनामामा म्हणायचो. त्यांचं खरं नाव दुकानातल्या नव्या माणसांना ठाऊकही नव्हतं.

मी शेजारच्या काउंटरवर परकर आणि ब्लाउजपिसं विकायची, त्यामुळे मामांचं सगळं नाटक मला पहिल्या रांगेतून फुकट बघायला मिळायचं. कोळीवाड्यातला हा रुंद खांद्यांचा, झुपकेदार मिशांचा गडी पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून मान जराशी कलती करायचा, आणि हसता हसता बायका साडी बांधून घ्यायच्या. भावाच्या लग्नासाठी मी एक पोपटी साडी काढली, तेव्हा मामांना विचारलं होतं, की खरं सांगा, मला शोभेल का? मामा म्हणाले, शोभते ना! लग्नाच्या फोटोत मी नवरीशेजारी टांगलेल्या कैरीसारखी दिसते. अल्बम दुकानात नेऊन मी त्यांच्याशी भांडले.

“काय करू ताय,” मामा कान पकडून म्हणाले, “समोरच्याला न्हाय म्हणाया मना जमतच न्हाय.”

पुढे मालकांचा मुलगा दुकानात बसायला लागला. मुलगा वाईट नव्हता, पण त्याने संगणक आणला आणि नियम केला, की पडद्यावर दिसेल तोच माल आपला, दुसऱ्यांच्या दुकानात पळापळ करायची नाही. मामांनी तोंड उघडायच्या आत तो पडद्याकडे बघून ‘नाही’ म्हणायचा आणि गिऱ्हाईक पायऱ्या उतरायचं. घरी आलेला पाहुणा उपाशी गेल्यासारखा मामांचा चेहरा व्हायचा. वर्षभर त्यांनी ते सोसलं. मग त्यांच्या गावच्या पंचायतीला किनाऱ्यावर जीवरक्षक हवा होता, पट्टीचा पोहणारा माणूस, तर मामांनी सेहेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडली. समुद्राने त्यांच्या बापाला फार दमवलं होतं, म्हणून आईने मुलाला मुद्दाम सावलीतल्या नोकरीला लावलं होतं. मामा ती सावली सोडून पुन्हा उन्हात निघाले, तेव्हा मामी चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनीच बाजारातून रुंद काठाची टोपी आणून दिली.

आता गंमत बघा. ज्या माणसाला जन्मात ‘नाही’ म्हणता आलं नाही, त्याने पत्करलेल्या कामात ‘नाही’ म्हणणं एवढंच काम होतं. सरपंचांनी शिट्टी दिली, ती मामांनी खिशात ठेवली. गिऱ्हाइकावर शिट्टी कशी मारायची, असा त्यांचा प्रश्न! पर्यटकांनी विचारलं, जाऊ का पाण्यात? की हे म्हणणार, जा ना, आणि मग स्वतःच त्यांच्यापुढे छातीभर पाण्यात जाऊन बांधासारखे उभे राहणार. एक टोळकं बाहेर आलं की दुसरं आत. पंधरा दिवसांत मामांची सालं निघाली आणि ताप भरला. सरपंच म्हणाले, की मामा, एका वेळी दोन ठिकाणी कुणी बुडालं तर तुम्ही कुठे उभे राहणार? मला काळजी वाटायला लागली, की या माणसाच्या भिडेपोटी एखाद्याचा जीव जाईल.

त्याच सुमारास म्हसळ्याच्या मुख्याध्यापिका बाई दुकानात आल्या. वीस वर्षं मामांकडूनच साड्या घेणाऱ्या. मामा नाहीत म्हटल्यावर त्यांना चैन पडेना. माझी सुट्टी व्हायची वेळ झालीच होती, म्हणून मीच त्यांना आणि त्यांच्या दोन नातवंडांना रिक्षाने किनाऱ्यावर घेऊन गेले. मामांना कोण आनंद! पण मुलं लाल चेंडू घेऊन थेट खाडीच्या मुखाकडे धावली, आणि ओहोटी लागलेली होती. बाई म्हणाल्या, जरा खेळू देत हं मामा.

मामांनी तोंड उघडलं. आता ‘जा ना’ येणार, हे मला माहीत होतं.

“न्हाय, बाय,” मामा म्हणाले.

बाईंना वाटलं, चेष्टा करताहेत. “मामा, वीस वर्षांत तुम्ही मला कधी नाही म्हटलं नाहीत.”

“ते साडीचं व्हतं,” म्हणत मामांनी खिशातली शिट्टी काढून अशी फुंकली, की मुलं जागच्या जागी थिजली. चेंडू तेवढा हातातून सुटून पाण्यात पडला. आम्ही बघता बघता तो सरळ निघाला, नांगरलेल्या होड्यांच्या पलीकडे गेला आणि दिसेनासा झाला. बाई नातवंडांचे हात घट्ट धरून रिक्षाकडे वळल्या. मामा मटकन वाळूत बसले. आणि या माणसाला वाईट कशाचं वाटत होतं, तर जुनं गिऱ्हाईक तुटल्याचं. बाई पुढच्या सुट्टीत परत आल्या, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

त्या दिवसापासून शिट्टी गळ्यात आली. गेल्या वर्षी मी मुलाकडे पनवेलला राहायला निघाले, तेव्हा निरोप घ्यायला किनाऱ्यावर गेले. मुद्दाम ती पोपटी साडी नेसले होते. म्हटलं, मामा, एवढी वर्षं इथे काढली, आज गुडघाभर पाण्यात जाऊन येते.

मामांनी पाण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. “न्हाय ताय. ओहोटी लागली हाय.” जरा थांबून म्हणाले, “आन ही साडी तुमाला शोभत न्हाय. तवाच सांगाया पायजे व्हतं.”

मी पोट धरून हसले आणि हसता हसताच मला रडू आलं.

पनवेलला सून दुकानात पदर खांद्यावर टाकून विचारते, आई, कशी दिसते? मी खरं ते सांगते. ती घरी येईपर्यंत फुगून बसते, पण मला सोबत घेतल्याशिवाय साडी घ्यायला जात नाही.