मांडणीतल्या वाट्या

वीस वर्षं ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवून माझा खांदा उतरलाय, आणि त्याच त्या घुमणाऱ्या सुरांचा आताशा मलाच कंटाळा येतो. म्हणून माझ्या मित्राकडे, सदानंदकडे गेलो होतो. पायानं दाबल्या की गिटारचा आवाज खरखरीत करणाऱ्या दोन पेडल-डब्या त्यानं घरीच बनवल्या होत्या.

आधी थोडा वेळ नुसतीच गिटार वाजवली, मग चार बटणांची डबी लावली. आवाज असा गुरगुरला, की मी लगेच म्हणालो, "हीच दे."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून वहिनींनी विचारलं, "भावजी, थांबलात का? भांडी गप्प झाली."

सदानंदनं कपाळाला हात लावला. डबीची जुळणी साध्या गिटारसाठी केलेली होती; तिनं माझे खालचे सूर गिळून टाकले होते. मला त्याचा पत्ताही नव्हता. माझ्या सुरांनी मांडणीतल्या वाट्या थरथरतात, हेही मला आजच कळत होतं.

दमलेल्या माणसाला वाटतं, आपण जरा वेगळे ऐकू यावं. त्या नादात आपलं म्हणून जे थोडंफार असतं तेच निसटतं, आणि ते कळतं पलीकडच्या खोलीतल्या माणसाला.

दुसऱ्या डबीला एकच बटण होतं. गुरगुर बेताचीच होती, पण आत वाट्या किणकिणू लागल्या.

"आता वाजलं," वहिनी म्हणाल्या.

डबी ठरली होती. तरी मी एकच खालचा सूर उगाच वाजवत राहिलो. वाट्यांवर नुसता हात ठेवला असता तरी त्या गप्प झाल्या असत्या. वहिनींनी ठेवला नाही.