पाणी पाजलेली होडी

दादाने होडी केली ती पांगाऱ्याच्या लाकडाची, हातभर लांब. लढाईचे दिवस होते, कल्याणकडे एका कारखान्यात माणसं घेत होते आणि तिथे आमचा मामा फिटर होता. मामाने दादाला बजावलं होतं, "नुसत्या शब्दावर मी तुला नेणार नाय. हातची एक चालती वस्तू कर, मग बघू." आमच्या किन्हवलीकडे चालती वस्तू म्हणजे बैलगाडी. पण सोपं काही सुचेल तर तो माझा दादा कसला!

मोटर म्हणजे एका मोडक्या गजराच्या घड्याळाची स्प्रिंग आणि चाकं. टिकटिक करणारा भाग काढून टाकला, की चाकं सुसाट फिरायची. पंखा रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याचा. पंख्याचा दांडा सायकलच्या तारेचा, आणि तो होडीच्या बुडातून बसवलेल्या पितळी नळीतून बाहेर जायचा. मोटर आणि दांडा जोडायला सायकलच्या व्हॉल्व्हची इवलीशी रबरी नळी.

एवढं जमलं, पण होडी चालेना. मोटर एकटी छान फिरायची, दांडाही बोटाने हलकेच फिरायचा. दोघांना जोडलं की रबर आचके द्यायचं आणि सगळं थांबायचं. दादा रबर काढून होडी डोळ्यांसमोर धरायचा, एक डोळा मिटायचा आणि मला म्हणायचा, "बघ गो, ही दोन टोकं एकमेकांकडं सरळ बघत नाय." मला काही दिसायचं नाही, तरी मी हो म्हणायचे. मग मोटरीखाली बांबूची पाचर घाल, घासून पातळ कर, पुन्हा घाल. होळीपासून हेच चाललं होतं. आई म्हणायची, एवढ्या वेळात पोराने घराचा दरवाजा नीट केला असता.

बाबा मात्र होडीकडे बघायचेही नाहीत. दादा एकुलता एक मुलगा, तो गेला तर नांगराला कोण, हे त्यांचं दुःख साऱ्या घराला ठाऊक होतं. ते बोलत नसत, एवढंच. पण एकदा गाडीच्या वंगणाची डबी त्यांनी गुपचूप होडीशेजारी ठेवलेली मी पाहिली होती.

मामा यायच्या आदल्या दिवशी पाचर बरोबर बसली. रबर न थरथरता फिरलं. दादाने मला उचलून गरगर फिरवलं. मग पुसायला म्हणून मोटर काढून फडक्यात बांधली आणि होडी कोपऱ्यात ठेवली.

सकाळी कोपरा रिकामा. आम्ही घरभर शोधतोय तोच बाबा तळ्याकडून आले, खांद्यावर निथळती होडी, आणि चेहरा वासराला आंघोळ घालून आणल्यासारखा खूश. "कोरडं लाकूड होतं रे," ते म्हणाले. "मामासमोर गळली असती. रातभर दगडाखाली पाणी पाजलं."

उन्हाळ्यात गाडीचं चाक खिळखिळं झालं की आमच्याकडे ते तळ्यात बुडवून ठेवतात. लाकूड फुगतं, सांधे घट्ट होतात. बाबांनी होडीचंही तेच केलं होतं.

दादाने मोटर लावून पाहिली. लाकूड फुगून नळी एका अंगाला कलली होती. रबराने दोन आचके दिले आणि ते थांबलं. दादा पांढराफटक पडला.

"बाबा, तुला मला धाडायचंच नाय," तो म्हणाला.

बाबांनी होडीच्या ओल्या बुडावरून हात फिरवला. मग म्हणाले, "धाडायचं नसतं तर चुलीत नसती घातली? तळ्यात जपून कशाला ठेवली असती?" आवाज त्यांचा नेहमीचाच होता. मला तेव्हा बाबांना मिठी मारावीशी वाटली. आमच्या घरात तशी रीत नव्हती.

ते दादासमोर बसले. "काय बिघडलं ते दाखव."

दादाने दाखवलं. बाबांनी एक डोळा मिटला आणि त्यांना ते लगेच दिसलं, याचा मला जरा रागच आला. मग बाबांनी होडी छातीशी घट्ट धरली आणि दादा पाचरी तासत बसला. "वाईच डावीकडं," बाबा म्हणायचे. "नाय, आता जास्त झालं." भाकऱ्या गार झाल्या. आसनगाव स्टेशनावरून मामाला घेऊन बैलगाडी दारात येऊन थांबली तेव्हा दोघांच्या नाकाला वंगण लागलेलं होतं.

तळ्यावर दादाने किल्ली दिली. होडी पकडायला बाबा पलीकडच्या काठाला गुडघाभर पाण्यात उभे राहिले, मी त्यांच्या मागे. होडी सोडली. वाकडी नाही, तिकडी नाही, पाण्यावर रेघ ओढत ती थेट बाबांच्या ओंजळीत आली. पलीकडून मामा ओरडला, "दाजी, पोराला उद्याच माझ्याबरोबर द्या!"

बाबांनी होडी उचलली. पंखा त्यांच्या हातात अजून फिरत होता. तो थांबेपर्यंत ते तसेच उभे राहिले.

"सरळ चालली गो," ते मला म्हणाले, आणि वाकून त्यांनी तळ्याचं पाणी तोंडावर मारलं, पुन्हा मारलं, पुन्हा मारलं.